बत्तीसच्या मागे

टेबल मधोमध ओढायचं की भिंतीलाच राहू द्यायचं, यावरून पहिली चकमक झडली. वहिनीचं म्हणणं, पालिकेचा कारकून येणार, कागद पसरायला जागा हवी. आईचं म्हणणं, चाळीस वर्षं ते टेबल खिडकीखाली आहे, उजेड तिथे येतो, तिथेच राहील. शेवटी दोघींचा मान राखायला म्हणून दादानं ते हातभर पुढे ओढलं. आता ते ना भिंतीचं राहिलं ना खोलीचं. येणारा-जाणारा प्रत्येक जण त्याच्या कोपऱ्यावर मांडी आपटून घेऊ लागला.

टेबलावरचे रंगाचे डाग बघत दादाची धाकटी बहीण खुर्चीत बसून राहिली. बाबा जाऊन सव्वा महिना झाला होता, तरी टर्पेंटाइनचा वास लाकडात तसाच मुरलेला होता. पाट्या रंगवून बाबांनी घर चालवलं होतं. दुकानांच्या पाट्या, शाळेतले फळे, बसच्या कपाळावरची गावांची नावं, काय पडेल ते. पण गावात त्यांना सगळे ओळखत ते घरांच्या नंबरांमुळे.

गावात चौसष्ट घरं, आणि चौसष्टच्या चौसष्ट चौकटींवर बाबांच्या हातचा नंबर. फक्त ते नंबर रांगेत नव्हते. घर ज्या क्रमानं गावात आलं, तो त्याचा नंबर. ही रीत आजोबांची. ते वीटभट्टीवर मुकादम होते. भट्टीच्या राखणदारानं पहिली खोली बांधली तेव्हा त्यांनी तिच्या दारावर खडूनं एक काढला. दुसरी खोली पहिलीला खेटून न होता पार विहिरीपाशी झाली, म्हणून दोन तिथे. आजोबांचा खडू पावसात धुऊन जाई, मग बाबांनी ऑइल पेंट आणला. कालव्याच्या काठाला वीस ते सत्तावीस एका ओळीत होते खरे, पण ते केवळ वरची वस्ती धरणाखाली गेली आणि आठ कुटुंबं एकाच आठवड्यात भांडीकुंडी घेऊन इथे उतरली म्हणून. एकेचाळीस आणि बेचाळीस यांच्यात अकरा वर्षं होती. त्या काळात वीटभट्टी बंद होती आणि या गावात येण्याचं कुणाला कारणच उरलं नव्हतं. पडलेल्या घराचा नंबर दुसऱ्याला द्यायचा नाही, हेही आजोबांचंच. मग चौकटी चौसष्ट असल्या तरी शेवटचा नंबर होता सदुसष्ट. नऊ नंबरचं घर कोसळून पन्नास वर्षं होत आली; तिथे आता गवत, एक दगडी उंबरा आणि बसचा थांबा. तरी सगळं गाव म्हणतं, "नऊवर उभा राहा, आलोच."

बाहेरून बघणाऱ्याला हा सगळा वेडेपणा वाटे. गावात वाढलेल्याला दहाच्या शेजारी अठ्ठावन्न आहे यात काही वावगं दिसत नसे.

गेल्या वर्षी शहर हद्दीपर्यंत येऊन ठेपलं. रस्त्यापलीकडे नव्या इमारती झाल्या. आणि बाबा गेल्यावर आठव्या दिवशी दादानं पालिकेत अर्ज दिला, की आमच्या गावाला सरळ, ओळीनं नंबर द्या. पालिकेनं तत्परता दाखवली. हरकत असेल तर नोंदवायची मुदत आजची होती. गाव चार वेळा शाळेत जमलं, चारही वेळा भांडलं, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून जबाबदारी झटकली: पेंटरच्या घरचे म्हणतील ते आम्हाला मान्य.

म्हणून आज पेंटरच्या घरचे पुढच्या खोलीत बसले होते.

"मी पुन्हा एकदा सांगतो," दादा म्हणाला. त्याचं हार्डवेअरचं दुकान होतं. गिऱ्हाइकाला स्क्रूचं माप समजावतात त्या धीरानं तो बोलत होता. "पाट्या आल्यात. उद्या सकाळी ठोकायला घेतील. आपण फक्त 'हरकत नाही' लिहून द्यायचं आहे."

"तुझ्या दुकानातलेच स्क्रू लागणार असतील," नळवाले काका म्हणाले.

"काका, थट्टा नको."

"थट्टा कसली? चौसष्ट पाट्या, प्रत्येकीला चार. हिशोब कर." काका बाबांचे धाकटे भाऊ. गावातला प्रत्येक नळ त्यांच्या हातून गेलेला. "मला विचारशील तर माझी हरकत आहे. तुझ्या बापानं उन्हातान्हात शिडीवर चढून काढलेत ते नंबर. तो जाऊन त्याचे ब्रश अजून वाळले नाहीत आणि तू पुसायला निघालास."

"वाळलेत," आई हळूच म्हणाली. "मी परवा धुऊन ठेवलेत."

तेवढ्यात बेकरीवाल्या मावशी आल्या. हातात गरम पावाची पिशवी. येताना त्यांचीही मांडी टेबलाला आपटली. "हे इथे कुणी आणलं?" असं त्यांनी विचारलं आणि वहिनी व आई दोघीही दादाकडे बघू लागल्या. मावशी नात्यातल्या नव्हत्या, पण त्यांची बेकरी आणि हे घर यांच्यात एकच भिंत होती. त्यांचे यजमान आणि बाबा जिवाभावाचे मित्र. यजमान चार वर्षांपूर्वी गेले.

"बसा मावशी," दादा म्हणाला. "बरं झालं तुम्ही आलात. तुम्हीच सांगा, त्या दिवशी काय झालं."

"नको रे. कितीदा?"

"नाही, सांगा. इथे काही लोकांना विसर पडलाय." त्यानं धाकटीकडे बघितलं नाही, पण रोख तिकडेच होता. हरकत घ्यावी असं पहिल्यापासून धरून बसली होती ती धाकटीच.

मावशींनी सुस्कारा सोडला. "काय सांगू? ॲम्ब्युलन्स दोनदा समोरून गेली. पहिल्यांदा वाटलं, कालव्याकडे कुणाला काही झालं असेल. मग परत आली, परत गेली. तिसऱ्यांदा मी पीठ भरल्या हातांनी रस्त्यात आडवीच उभी राहिले. ड्रायव्हर म्हणाला, अकरा कुठाय, अकरा? दहा सापडलं, बारा सापडलं, अकरा सापडेना. नव्या इमारतीच्या गेटवर विचारलं तर वॉचमन म्हणाला, या गावाचं आम्हाला काही कळत नाही."

"बावीस मिनिटं," दादा म्हणाला. "शहराच्या फाट्यापासून इथपर्यंत चार मिनिटांचा रस्ता. बावीस मिनिटं ती गाडी या गावात गोल गोल फिरत होती. मी दुकान सोडून धावत आलो तेव्हा बाबा..." तो थांबला. "ज्या माणसानं सगळ्या गावाला नंबर दिले, त्याचंच घर सापडलं नाही. बाबांच्या नंबरांनी बाबांना घालवलं. हे बोलायला मला काय बरं वाटतं?"

वहिनीनं चहा आणून प्रत्येकाच्या हातात दिला.

"आणि तू," आता तो थेट धाकटीकडे वळला. "तू ग्रंथालयात काम करतेस. तिथे दहानंतर अकराच ठेवतेस ना? की जे पुस्तक आधी आलं ते आधी? शहरात सगळं सरळ हवं आणि गाव मात्र तुला जपून ठेवायला हवं. वर्षातून दोनदा येऊन बघायला."

"अहो," वहिनी म्हणाली.

"खरं तेच बोलतोय."

खरं तेच बोलत होता. धाकटीनं पदराशी चाळा केला आणि खिडकीबाहेर बघितलं. सव्वा महिना ती एक गोष्ट गिळून बसली होती.

फोन तिनं केला होता. दोन दिवसांसाठी म्हणून ती आली होती. दुपारी चारच्या सुमाराला बाबा याच खोलीत, याच टेबलाशी छातीवर हात धरून खाली बसले. आई त्यांचे पाय चोळायला लागली आणि धाकटीनं फोन लावला. तिचा आवाज शांत होता. नंतर तिला स्वतःच्याच त्या शांतपणाची किळस आली. तिनं गावाचं नाव सांगितलं, मग म्हणाली, "अकरा नंबर." पलीकडच्या बाईनं विचारलं, "जवळची काही खूण?" आणि ती म्हणाली, "घरांवर नंबर आहेत ना. लगेच सापडेल."

लगेच सापडेल. बावीस वर्षं शहरात राहून ती तसं म्हणाली. गावातलं शेंबडं पोरही असं म्हणालं नसतं. या गावात नुसता नंबर कुणी कधी सांगतच नाही. अकरा म्हटलं की पाठोपाठ येतंच: बत्तीसच्या मागे. तिच्या शाळेच्या दाखल्यावर, बाबांना आलेल्या प्रत्येक पत्रावर तसंच लिहिलेलं होतं. नंबर घराचा, आणि खूण शेजाऱ्याची. दोन्ही मिळून पत्ता.

आणि खाली, फरशीवर, बाबा म्हणत होते, "बत्तीस... बत्तीसच्या मागे..." तीनदा म्हणाले. तिनं फोनवर हात ठेवून त्यांना सांगितलं, "बाबा, बोलू नका, दम लागतो." ते गप्प झाले. पुन्हा काही बोलले नाहीत.

बत्तीस म्हणजे बेकरी. घरात सगळ्यांनी गृहीत धरलं, की शेवटच्या घटकेला त्यांना मित्र आठवला. बेकरीवाल्या मावशींना हे कळलं तेव्हा त्या पदर तोंडाला लावून रडल्या होत्या, आणि त्यानंतर त्यांच्या चेहऱ्यावर एक समाधान आलं होतं, जे धाकटीला बघवत नसे. कारण तिला त्याच रात्री उमगलं होतं. बाबा कुणाला हाक मारत नव्हते. ते तिला पत्ता सांगत होते.

"काय, बोल की," दादा म्हणाला. "तुझी हरकत आहे ना? कारण सांग. कारकून विचारेल."

"पोरी, तू घाबरू नकोस," काका म्हणाले. "मी आहे तुझ्या बाजूनं."

"मला वाटतं..." धाकटीनं सुरुवात केली, आणि दादाचा फोन वाजला.

त्यानं उचलला, ऐकलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर एक कडवट हसू आलं. त्यानं फोनचा आवाज मोठा करून तो टेबलावर ठेवला.

"...साहेब, मी दहा नंबरसमोर उभा आहे," खोलीभर कारकुनाचा आवाज घुमला. "याच्या शेजारी अकरा नाहीये, अठ्ठावन्न आहे. त्याच्या पलीकडे सहा. सहाच्या पलीकडे एक म्हैस बांधलीय, तिला नंबर नाही. हे काय प्रकरण आहे हो?"

काकांना हसू आवरेना. "म्हैस नवी आहे," ते म्हणाले. "तिचा नंबर यायचाय."

"ऐकलंत?" दादा म्हणाला. "पालिकेच्या माणसाला सापडत नाही." त्यानं फोन धाकटीपुढे सरकवला. "सांग आता. तुला हेच हवंय ना? सांग त्याला, कसं यायचं."

धाकटीनं फोनकडे बघितलं. खिडकीतून उन्हाचा पट्टा टेबलावर पडला होता, चारचा.

"तुम्ही दहापाशी आहात ना?" ती म्हणाली. "मग शाळेची भिंत डाव्या हाताला धरून सरळ या. पुढे पावाचा वास येईल. ती बेकरी, तिचा नंबर बत्तीस. तिच्या कडेनं बोळ आहे." तिनं टेबलावरच्या डागावर बोट ठेवलं. "अकरा नंबर. बत्तीसच्या मागे."

"बत्तीसच्या मागे. आलो," कारकून म्हणाला आणि फोन बंद झाला.

आईनं हातातला कप खाली ठेवला. बशीवर तो नीट बसला नाही, नुसता वाजत राहिला.

"काय म्हणालीस तू?" दादानं विचारलं.

"बाबा म्हणाले तेच."

"बाबा तर..."

"त्या दिवशी फोनवर मी फक्त अकरा नंबर सांगितला, दादा. त्यांनी खूण विचारली होती. मी म्हणाले, नंबर आहेत, सापडेल. बाबा खालून मला सांगत होते, बत्तीसच्या मागे म्हण. तीनदा सांगितलं त्यांनी. मी त्यांना गप्प केलं." आता सुरुवात झालीच होती, तर तिनं शेवटपर्यंत बोलून टाकलं. "नंबरांनी नाही घालवलं त्यांना. पत्ता बरोबर होता. मला सांगता आला नाही."

दादा उभा राहिला. टेबलाचा कोपरा लागला तरी त्याला कळलं नाही. "सव्वा महिना," तो म्हणाला. "सव्वा महिना मी गावभर बोंब मारतोय. अर्जात लिहिलंय मी. माझ्या सहीनं लिहिलंय, की माझ्या वडिलांच्या चुकीच्या पद्धतीमुळे... आणि तू ते वाचलंस. वाचून मला परत दिलंस. एक काना चुकला होता, तो सुधारून दिलास!"

"हो."

"पोरी," काका म्हणाले, आणि त्यांचा आवाज आता तिच्या बाजूचा राहिला नव्हता, "हे तेव्हाच सांगायला हवं होतंस. माझ्या भावाच्या नावावर बट्टा लागू दिलास."

"कुणाला म्हणताय, काका?" बोलली ती वहिनी, जिनं गेल्या सव्वा महिन्यात धाकटीशी धड दोन वाक्यं बोलली नव्हती. "मी लग्न होऊन आले तेव्हा पहिलं वर्षभर दळण घेऊन परत येताना हेच घर शोधत फिरायची. दोनदा धोब्याच्या घरात शिरले. त्या दिवशी मी असते तरी अकराच म्हणाले असते. कुणाला सुचतं हो त्या वेळी?"

"तुला नसतं सुचलं. तू बाहेरून आलीस," दादा म्हणाला. "ही इथली आहे."

धाकटीला वाटलं, हेच तर. गावात कुणी कधी नंबर शिकला नव्हता, सगळ्यांना तो येत होता. आणि ज्यांना येत होता त्यांच्यातून पहिली गळाली ती पेंटरचीच मुलगी.

"मी तिथेच होते," आई म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. आई कपाकडेच बघत होती.

"पाय चोळत होते ह्यांचे. हिचं फोनवरचं ऐकत होते. मनात म्हटलं, ही शिकली-सवरलेली, हिला ठाऊक. आणि हे बत्तीस बत्तीस करायला लागले तर वाटलं, दोस्त आठवला, मी पण म्हटलं, बोलू नका, तुम्ही पडून राहा." तिनं कप बशीवर नीट बसवला. "पन्नास वर्षं संसार केला. पत्ता सांगतायत, हे मला कळू नये?"

"आई, तुझी काय चूक?"

"मग हिची तरी काय?" आई म्हणाली. आवाज चढवला नाही, पण दादा खाली बसला.

बेकरीवाल्या मावशी मघापासून पिशवीच्या बंदाला पीळ घालत होत्या. "म्हणजे," त्या म्हणाल्या, "आमच्या ह्यांना हाक नव्हती ती."

धाकटीनं मान हलवली. हे सांगणं सगळ्यांत अवघड गेलं.

"मी रोज पहाटे भट्टी पेटवताना ह्यांना सांगते, की तुमचा दोस्त निघताना तुमचं नाव घेऊन गेला. म्हटलं, चला, तिकडे एकटे नाहीत." मग पिशवी त्यांनी टेबलावर ठेवली, पाव बाहेर काढून त्याचे तुकडे करू लागल्या, जणू हातांना काही काम हवं होतं. "असू दे. खूण तर आमचीच सांगितली ना त्यानं. दुसऱ्या कुणाची नाही सांगितली."

दारावर थाप पडली.

कारकून चाळिशीचा, घामाघूम, बगलेत फाइल. "तीन मिनिटांत आलो बघा!" तो म्हणाला. "वास आला आणि वळलो. असा पत्ता मला आजवर कुणी सांगितला नव्हता." बसताना त्यानं टेबलाला मांडी आपटून घेतली. त्यानं कागद पसरला, पेनाचं टोपण काढलं आणि सगळ्यांकडे बघितलं. त्याला कुणी ओळख करून दिली नाही. "तर मग, हरकत आहे की नाही?"

दादा कागदाकडे बघत होता. अर्ज त्यानंच केला होता, आणि आता त्याला एवढं साधं 'नाही' म्हणता येईना. काका छताकडे बघत होते.

"हरकत नाही," धाकटी म्हणाली.

दादानं झटकन वर बघितलं. "तू म्हणतेस?"

"रस्त्यापलीकडे किती माणसं राहायला आलीत, दादा. त्यांना बत्तीस कुठे माहीत नाही. माहीत व्हायला पन्नास वर्षं लागतात. तोवर कुणाला तरी ॲम्ब्युलन्स लागेल." तिनं पेन घेतलं. बाबांच्या टेबलावर, त्यांनीच सांडलेल्या निळ्या डागाशेजारी तिनं सही केली, आणि पेन दादाकडे दिलं. त्यानं ते बराच वेळ नुसतं धरलं. मग सही केली, आणि काका पुढे झाले, आणि शेवटी आई.

"आम्हाला किती येणार?" आईनं विचारलं.

कारकुनानं यादीवर बोट फिरवलं. "सत्तावीस."

"सत्तावीस तर कालव्याकडच्या."

"त्यांना एकावन्न येईल, आजी."

"आणि बेकरी?"

"सव्वीस."

"सव्वीसच्या मागे," आईनं म्हणून बघितलं. जिभेवर घोळवून बघितलं. मावशींनीही मनातल्या मनात म्हणून बघितलं असावं, कारण दोघींनी एकदमच मान हलवली, नाही जमत अशी.

"ह्यांच्या नंबरावर ठोकू नका," आई म्हणाली. "बाजूला ठोका. चौकट रुंद आहे."

"तसं सांगतो मी." कारकून उठला, पावाचा तुकडा घेतला, फाइल बगलेत मारली. दारात थांबून त्यानं विचारलं, "बस कुठून मिळेल?"

"नऊवरून," आई आणि वहिनी एकदम म्हणाल्या.

त्यानं फाइल उघडून यादी बघितली. पान उलटलं, पुन्हा बघितलं. "नऊ नंबरचं घर तर दिसत नाही. नऊ म्हणजे काय?"

मग दादा उठला, चपला पायात सरकवल्या. "चला," तो म्हणाला. "दाखवतो."

धाकटी त्यांच्या मागोमाग बोळाच्या तोंडापर्यंत आली. बोळातून बाहेर पडून दोघं बेकरीपुढून गेले आणि गवतात पोचले. बस अजून आली नव्हती. कारकून थांब्याच्या खांबाला टेकला. पण दादा तिथे उभा राहिला नाही. तो त्या दगडी उंबऱ्यावर चढला, आणि एक हात इकडे, एक हात तिकडे करत काहीतरी सांगू लागला: चूल कुठे होती, दार कुणीकडे उघडायचं, भट्टीच्या कुठल्या विटा होत्या. बाबा सांगायचे तसं, त्यांच्याच हातवाऱ्यांनी.

बस आली. कारकुनानं हात करून ती थांबवली, पण दादाचं सांगून संपलं नव्हतं. कारकुनानं एकदा बसकडे बघितलं, एकदा उंबऱ्यावरच्या माणसाकडे, आणि ड्रायव्हरला हातानंच सांगितलं, जा.